म्यूटवरचा साहेब

माझ्या आजाला अटक झाली तेव्हा तो कांदा चिरत होता. अटक करणाऱ्याने सुरी खाली ठेवायला सांगितली, आजाने ठेवली. गॅस बंद करायला सांगितला, केला. मग मोबाईल अशा जागी उभा करायला सांगितला की आजा कमरेपासून वर पूर्ण दिसेल. आजाने तो मिठाच्या बरणीला टेकवला, समोर स्टूल ओढलं आणि हात मांडीवर ठेवून बसला. अशा रीतीने मंगळवारी सकाळी अकरा वाजता कामतघरच्या आमच्या दीड खोलीचा तुरुंग झाला. आम्ही बाकीचे तिघे त्याच तुरुंगात जेवलो, झोपलो, सकाळी अंघोळ करून कामावर गेलो आणि आम्हाला काहीच कळलं नाही.

आजाचं नाव नवशा. वय एकाहत्तर. एक्केचाळीस वर्षं कापड विणायचे लूम चालवले. त्यात मालक गेले चार, कान गेले दोन. मी त्याची नात मृणाली. पूर्ण्याच्या एका गोडाऊनमध्ये हातात स्कॅनर घेऊन खोक्यांना बीप करते. बाप मनोज टेम्पो चालवतो, आई काल्हेरला पॅकिंगला जाते. म्हणजे दिवसभर घरात आजा एकटा, आणि त्याच्याबरोबर आम्ही कौतुकाने घेऊन दिलेला मोबाईल.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लूमच्या शेडमध्ये कुणी कुणाचं ऐकत नाही. भांडण म्हणून नव्हे, ऐकूच येत नाही म्हणून. चाळीस लूम एकदम चालतात तेव्हा माणूस कानात ओरडला तरी फक्त गरम हवा लागते. म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. आवाज काढतच नाहीत, उगाच कशाला घसा खर्च करायचा. आजा शेडच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या मुकादमाने कुणाच्या आईचं नाव घेतलं ते सांगायचा. मराठी, हिंदी, अर्धी तेलुगू, सगळे ओठ त्याला वाचता येतात. कान गेल्यावर त्याचं फारसं अडलं नाही, कारण कान तो वापरतच नव्हता.

अडलं ते घरात. घरात आम्ही भिंतीकडे बघून बोलतो, डब्यात तोंड घालून बोलतो, मोबाईलमध्ये मान घालून बोलतो. "आजा जेवलास का" हे मी रोज चपला काढता काढता जमिनीला विचारायचे. जमीन जेवलेली असायची.

हा अटक करणारा माणूस मात्र दीड दिवस आजाशी समोर तोंड करून, सावकाश, शब्द नीट सोडवून बोलला. पहिला फोन साधा होता, तो आजाने कापला, कारण साधा फोन त्याच्यासाठी दगड आहे. मग व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी वर्दी, खांद्यावर चांदण्या, मागे झेंडा. आजा म्हणाला, "मना ऐकू येत न्हाय, तोंड दाखवून बोला." साहेबाने कॅमेरा जवळ घेतला आणि म्हणाला, "कोई बात नहीं बाबा, आराम से बात करेंगे." घरातल्या कुणी त्याला इतक्या वर्षांत हे वाक्य म्हटलेलं नाही. म्हणायला एक चोर लागला.

आरोप असा की नवशाच्या आधारकार्डावर परदेशात एक पार्सल चाललं होतं आणि त्यात नशेची पावडर होती. मी दिवसाला अकराशे पार्सलं हाताळते. मला विचारलं असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं. पण साहेबाने बजावलं होतं की घरात कुणाला सांगितलं तर त्यांनाही आत घ्यावं लागेल, आणि नात पार्सलच्याच कामाला आहे ना बाबा, मग तर तिचं नाव पहिलं. हे त्याला माझ्या आजानेच सांगितलं होतं, कौतुकाने, पहिल्या दहा मिनिटांत.

तर आजा आम्हाला वाचवायला तुरुंगात बसला. रात्री साहेबाने मोबाईल उशाशी उभा करायला लावला. आम्हाला वाटलं भजनाचे व्हिडिओ बघता बघता झोप लागली असेल. आईने जाता जाता त्याच्या अंगावर गोधडी घातली. साहेबाने ते बघितलं असणार.

त्याआधी मंगळवारी दुपारी लाइट गेली होती. मोबाईलची बॅटरी चार टक्के. आजाला भीती पडली की मोबाईल बंद झाला तर फरारी आरोपी म्हणून नोंद होईल. म्हणून तो चार्जर घेऊन शेजारी मेहरुन्निसा चाचीकडे गेला. तिच्याकडे इन्व्हर्टर आहे. तिथे त्याने तिच्या टेबलावर मोबाईल उभा केला आणि पाऊण तास अटकेत बसला. चाचीला वाटलं, नवशाभाऊचा कुणी नातेवाईक फौजेत आहे. तिने पडद्याकडे बघून साहेबाला सलाम केला, खुशाली विचारली. साहेबाने खुशाली सांगितली. चहा आला तेव्हा आजाने एक कप मोबाईलसमोरही ठेवला. तो नंतर चाचीने प्यायला.

बुधवारी बाराच्या सुमाराला आजा बँकेत गेला. मोबाईल सदऱ्याच्या वरच्या खिशात, कॅमेरा बाहेर, म्हणजे साहेबालाही बँक बघता येईल. तिथे वैशाली मॅडम म्हणून आहेत, त्या आजाला ओळखतात. त्यांनी कागदावर लिहून विचारलं, बाबा एवढी रक्कम एकदम कुणाला पाठवताय? आजाने साहेबाने पढवलेलं उत्तर दिलं, "नातीचं लगीन हाय. हॉलवाल्याला द्यायचेत." मॅडमनी अभिनंदन केलं. तीन लाख चाळीस हजार. एक्केचाळीस वर्षांत आजाने स्वतःसाठी ठेवलेलं एवढंच. त्यातूनच त्याची तंबाखू, त्याचा डोळ्यांचा डॉक्टर, दिवाळीला माझी साडी. त्या पैशामुळे त्याला माझ्या बापापुढे कधी हात पसरावा लागला नव्हता. ती रक्कम "तपासणी खात्यात" गेली. साहेबाने सांगितलं होतं की आठ दिवसांत शिक्का मारून परत येईल. कशावर शिक्का मारणार हे आजाने विचारलं नाही, मीही विचारलं नसतं. शिक्क्याला कुणी प्रश्न विचारतं का.

तीन वाजता मी शिफ्टवरून घरी आले. दार लोटलं. आजा स्टुलावर ताठ. मला बघून त्याने मान न हलवता फक्त एक तळहात वर केला, लूम थांबवायला करतात तसा. मग ओठ हलले, आवाज नाही.

"लांब. साहेब हाय."

मी मोबाईलच्या मागच्या बाजूला उभी होते, म्हणजे मला पडदा दिसत नव्हता आणि पडद्याला मी. पण आतून आवाज आला, "तो बाबा, कल सुबह सोना लेके चलेंगे. वही बैंक, गोल्ड लोन." आणि माझ्या पायातली एक चप्पल निघायची राहिली ती तशीच राहिली.

ओठ मलाही थोडे वाचता येतात. लहानपणी आई ओरडेल म्हणून आजाशी तसंच बोलायचे. तर पुढचं सगळं आवाजाशिवाय झालं. मी आयुष्यात भरपूर भांडले आहे, पण सगळ्यात मोठं भांडण मी तोंडातून हूं न काढता भांडले.

"आजा, हा चोर आहे."

"गप. अधिकारी हाय."

"अधिकारी घरी येतो. मोबाईलवर अटक होत नाही. कुठेच नाही. कायद्यातच नाही."

"तुला काय म्हाईत कायदा. तुजं नाव हाय त्यात. जा चाचीकडं जाऊन बस."

"किती दिले?"

 आजाचे ओठ एका रेषेत मिटले, आणि मला कळलं की सगळे दिले.

मला ते स्टूल उचलून मोबाईलवर घालावंसं वाटलं. खरं सांगायचं तर आजावरही. मग त्या माणसावर, जो माझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला टेकून बसला होता. मी बोट नाचवून ओठांनीच किंचाळत होते आणि आजा डोळ्यांच्या कोपऱ्यातून वाचत होता. साहेबाने विचारलं, "बाबा, बार बार उधर क्या देख रहे हो? कौन है?"

आजा म्हणाला, "मांजर हाय साहेब."

साहेब म्हणाला, "भगाओ उसको."

आजाने माझ्याकडे बघून शुक शुक केलं.

आणि मग एकदम आजाने मान वळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, एका सूतवाल्याची जाहिरात आणि मागच्या वर्षीचा नोव्हेंबर.

"काय झालं?" मी विचारलं.

"साहेब त्याच्या माणसाशी बोलतंय. आवाज बंद केलाय."

"मग तू कॅलेंडर कशाला बघतोस?"

आजाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्यासमोर दुसऱ्याची चिठ्ठी फोडली होती. "मंग काय करू? दुसऱ्याचं बोलणं बघू?"

हे त्याच्या शेडचं शिस्तीचं कलम होतं. जिथे प्रत्येकाला प्रत्येकाचे ओठ वाचता येतात तिथे गुपित उरत नाही. म्हणून ती माणसं नजर वळवतात. दोघं आपसात बोलत असले की तिसऱ्याने आपल्या कापडाकडे बघायचं. चोरून वाचणाऱ्या एकाला त्यांनी मुकादमाकडे सुद्धा नेलं नव्हतं. त्याच्या हातात त्याचा डबा दिला आणि दार दाखवलं. आजा हे सांगताना आजही आवाज बारीक करतो.

"साहेब असा किती वेळा बोलला, आवाज बंद करून?"

"लय येळा. कालपासून."

"आणि तू दरवेळी कॅलेंडर बघितलंस."

"मंग."

तर माझा आजा, शेडच्या दुसऱ्या टोकावरून अडीच भाषांचे ओठ वाचणारा माणूस, दीड दिवस एका चोराची खाजगी बोलणी सुरू झाली की सभ्यपणे नोव्हेंबर बघत होता. आणि चोर खुशाल होता, कारण त्याने आवाजाचं बटण दाबलं होतं. बहिऱ्याला आवाज बंद करून फसवणारा मी दुसरा पाहिला नाही.

"आजा, बघ."

"न्हाय."

"एकदा बघ. मला सांगू नकोस. तुझा तूच बघ. साहेब खरा असेल तर साहेबासारखंच काहीतरी बोलत असेल."

"असं करत न्हाय कुणी."

"त्याने तुला झोपेत बघितलंय, आजा. कपडे बदलताना बघितलंय. आईने तुझ्यावर गोधडी घातली तेव्हा आईला बघितलंय. दीड दिवस बघतोय तो. आणि तू त्याच्याकडे बघायचं नाहीस?"

 आजाने मान फिरवली, इतकी हळू की साहेबाला वाटलं असेल म्हाताऱ्याची मान आखडली. आणि वाचायला लागला. चेहरा जसाच्या तसा, फक्त ओठ माझ्यासाठी हलत होते, क्रिकेटची कॉमेंट्री सांगावी तसे. पडद्यावरून तो जप वाटला असेल.

"बोलतंय... पनीर नको. कालचा पनीर आंबट व्हता."

मी हातानेच पुढे, पुढे असं केलं.

"बोलतंय, हाफ डे पायजे. बहिणीला घ्यायला स्टेशनला जायचंय. टार्गेट पूरा झालंय तर सोडा."

"कसलं टार्गेट?"

आजा थांबला. "मी," त्याचे ओठ म्हणाले.

मला त्याच्या जवळ जायचं होतं, पण मांजर पडद्यात आलं असतं.

"बोलतंय, बहिऱ्याचे पैसे तिसऱ्या खात्यात हायेत. थोडे निघाले. बाकीचे पाच वाजता पोरगा काढंल." आजाचे ओठ पुन्हा थांबले, आणि पुढचा शब्द त्याने माझ्यासाठी उच्चारला नाही. पण मला दिसलं की त्याने तो वाचला. शब्द जो कुठला होता तो त्याच्या चेहऱ्यावर लागला, आणि लागल्यावरही आजा हलला नाही.

मिठाच्या बरणीतून आवाज परत आला. "हां बाबा. तो हम कहाँ थे?"

"सोन्यावर व्हतो साहेब," आजा म्हणाला. आणि ओठांनी मला, "पावती तांदळाच्या डब्यात. पळ."

तीन वाजून बावीस मिनिटं.

पावती घेऊन मी चाचीकडे गेले. १९३० लावला. पैसे गेले की लगेच लावायचा हा नंबर. तुम्ही कुणाला फोन केलात की आधी एक आवाज सांगायचा ना, अनोळखी व्हिडिओ कॉलला घाबरू नका, अशी अटक नसते म्हणून? तो आवाज अख्ख्या देशाला पाठ झाला, लोक वैतागले त्याला. माझ्या आजापर्यंत तो एकदाही पोचला नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला सावध करायला सरकारने ऐकवलं. चोर तेवढा तोंड दाखवून बोलला.

फोन उचलणारी बाई माझ्याच वयाची असावी. मी सुरुवातीला फक्त शिव्या देत होते. तिने त्या संपू दिल्या, मग म्हणाली, "ताई, व्यवहाराचा नंबर वाचा. पावतीवर वरच्या बाजूला असतो." मी वाचला. रक्कम, वेळ, आजाचं खातं, पैसे ज्या खात्यात गेले ते खातं. मी सांगितलं की पैसे तिसऱ्या खात्यात आहेत आणि पाचला काढणार आहेत.

"तुम्हाला कसं माहीत?"

"चोर सांगतोय."

"तुम्हाला?"

"नाही, त्याच्या साहेबाला. म्यूटवर आहे."

तिकडे की-बोर्ड वाजला. मग म्हणाली, "बरं. नोंद केली. मेसेजवर तक्रार नंबर येईल. पोर्टलवरही तक्रार टाका, बँकेत जाऊन लेखी द्या, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. आजोबांना म्हणावं, नवीन काही पाठवू नका."

मेहरुन्निसा चाची कपाळाला हात लावून बसली होती. "मी त्याला सलाम केला गं," ती म्हणाली. "चहा दिला."

"तो तूच प्यायलीस ना चाची."

"दिला तर होता ना."

मी घरात डोकावले. आजा साहेबाला कोंडून बसला होता. त्याच्या पाटल्या, म्हणजे माझ्या आजीच्या, नेमक्या किती तोळ्यांच्या यावर पंचवीस मिनिटं झाली होती. वजन आठवत नव्हतं. सोनाराचं दुकान आठवत होतं, पण ते मोडलं. मोडलं त्या जागी आता काय आहे ते आजा सांगत होता, डावीकडून उजवीकडे. मग त्याने साहेबाला विचारलं, तुमची ड्युटी किती तासांची? ओव्हरटाइम मिळतो का? जेवणाची सुट्टी? साहेब घड्याळ बघत असणार, कारण आजा म्हणाला, "बसा साहेब, कुठं जाताय. मी अटकेत हाय."

मी ओठांनी सांगितलं, झालं, नोंद झाली, चल.

आजाने मानेनेच थांब म्हटलं. मग तो मोबाईलच्या अगदी जवळ गेला आणि बोलायला लागला. आवाज न काढता. शेडमध्ये बोलायचा तसा, मोठे मोठे ओठ करून. आतून आवाज आला, "बाबा? आवाज़ नहीं आ रही. बाबा? हेडफोन चेक करो कोई." आजा बोलतच राहिला. चार मिनिटं. त्या चार मिनिटांत त्या माणसाने तिकडे तीन हेडफोन बदलले. आजा काय बोलत होता ते मी सगळं वाचलं. लिहिणार नाही, हे आई वाचेल. एवढंच सांगते की त्यात एकही शब्द दोनदा आला नाही, आणि मला तेलुगू थोडी जास्त यायला हवी होती असं वाटलं.

मग आजाने लाल बटण दाबलं आणि स्टुलावर बसला. दीड दिवस ताठ बसलेली पाठ एकदम वाकली. त्याने अर्धा चिरलेला कालचा कांदा उचलला, बघितला आणि परत ठेवला.

"मना लाज वाटतेय," तो म्हणाला. हे मात्र आवाज काढून.

"त्याला वाटू दे."

"त्याला काय वाटायची. तो स्टेशनला चाललाय, बहिणीला आणायला."

आजाला घेऊन बँकेत गेले तेव्हा वैशाली मॅडमनी मला बघून विचारलं, "कधी आहे लग्न?" मी म्हटलं, "मोडलं." सगळं ऐकल्यावर त्या खुर्चीतून उठल्याच. पैसे गेले त्या बँकेला मेल टाकला, फोन लावला, माझ्या अर्जावर शिक्का मारून प्रत दिली. मग आजासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी अजून विचारायला हवं होतं." आजा म्हणाला, "तुम्ही इचारलं. मी खोटं बोललो." दोघंही एकमेकांची माफी मागत उभे राहिले आणि मागे रांग लागली. रांगेतल्या एकाने विचारलं की इथे पासबुक भरून मिळतं का.

पोलीस ठाण्याच्या दारात बाप भेटला. माझा फोन गेल्यावर टेम्पो तसाच सोडून आला होता. पहिलं वाक्य, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"१९३०ला, बँकेला, चाचीला."

"चाचीला? म्हणजे चाळीला. मृणाली, डोकं हाय का तुला? उद्यापासून लोक मला विचारतील, म्हाताऱ्याला आवरता येत न्हाय का म्हणून. पैसे गेले ते गेले. हे लोक काय परत देणार? नुसत्या खेपा. चल घरी." मग आजाकडे न बघता, "आणि त्याचा मोबाईल काढून घे आधी."

मी म्हटलं, "कुणाचा मोबाईल काढून घ्यायचा? फसवलं कुणी, आणि शिक्षा कुणाला?"

"मी त्याच्या भल्याचं बोलतोय."

"साहेबही भल्याचंच बोलत होता. फरक एवढाच की तो त्याच्याकडे बघून बोलत होता."

बापाने हात उचलला असता, पण समोर पोलीस ठाणं होतं. त्या इमारतीचा मला त्या दिवशी झालेला हा पहिला उपयोग.

आत एका बाकावर दीड तास गेला. आधी सांगितलं की हे मोठ्या ऑफिसात जातं, तिकडे जा. मी तक्रार नंबरचा मेसेज दाखवला. मग सांगितलं, साहेब बंदोबस्तावर आहेत, उद्या या. साहेब हा शब्द ओठांवर वाचून आजाने नुसतं वर बघितलं. मी म्हटलं, आम्ही बसतो. शेवटी एका हवालदाराने कॉम्प्युटर चालू केला आणि आजाला समोर बसवलं. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता, आणि दोन बोटांनी टाइप करत होता.

मधेच माझ्या मोबाईलवर मेसेज आला. तीन लाख चाळीस हजारांपैकी दोन लाख बासष्ट हजार खात्यात अडवले. बाकी निघून गेले होते. मी बापाला दाखवला. त्याने तो तीन वेळा वाचला, मग बाहेर गेला, परत आला. "मिळणार म्हणजे?" त्याने हवालदाराला विचारलं.

"अडवलेत. कोर्टाचा आदेश झाला की परत. वेळ लागतो. पण त्याला हा कागद लागेल, गुन्ह्याचा. हा नसेल तर पुढे काही नाही."

बाप बाकाच्या टोकावर बसला.

हवालदाराने टाइप केलेलं वाचून दाखवलं. मी आजासाठी ते ओठांनी परत म्हणत होते. "...सदर फिर्यादी हे वयोवृद्ध, अल्पशिक्षित व कर्णबधिर असल्याने, त्यांचे अज्ञानामुळे व निष्काळजीपणामुळे त्यांची..."

आजाने हात वर केला. "ते काढा."

"काय काढा काका?"

"अज्ञान. निष्काळजी. ते काढा."

"काका, असंच लिहायची पद्धत आहे. सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या केसमध्ये असंच असतं. त्याने काही फरक पडत नाही."

"पडत न्हाय तर काढा."

बाप म्हणाला, "बाबा, करा ना सही. मिळतायत ना पैसे."

आजाने त्याच्याकडे बघितलंच नाही, हवालदाराकडे बोलत राहिला. "तुमची मोटरसायकल चोरीला गेली भाऊ, तर कागदावर काय लिवाल? मोटरसायकल म्हातारी व्हती? कुलूप अडाणी व्हतं?"

"तसं नाही काका."

"मी एक्केचाळीस वर्षं लूम चालवला. एक धागा तुटला तर झोपेत कळायचं मना. निष्काळजी मी न्हाय. माझ्या घरात एक माणूस साहेब म्हणून दीड दिवस बसला. तो खोटं बोलला. चांगलं बोलला, नीट बोलला, म्हणून मी मानलं. हे लिवा. जसं बोलतो तसं. न्हायतर मी सही करत न्हाय, राहू दे पैसे तिकडंच."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. दोन लाख बासष्ट हजार रुपये एका वाक्यावर लटकत होते आणि खोलीतला एकच माणूस शांत होता, ज्याचे ते होते.

मग हवालदाराने मागे जायचं बटण धरून ठेवलं. ओळ शेवटून सुरुवातीकडे पुसत गेली. निष्काळजीपणा गेला, अज्ञान गेलं, कर्णबधिर गेलं. तिथे आजा म्हणाला, "ते राहू द्या. बहिरा हाय मी. तेवढं खरं हाय." ते परत आलं. मग दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, हवालदाराने लिहिलं की अनोळखी इसमाने अधिकारी असल्याचं खोटं सांगून फिर्यादीस फसवलं. बापाच्या ओठांवर काहीतरी हललं, आजाला ते दिसलं की नाही माहीत नाही.

प्रिंटर चालू झाला. आजाने वाचलं, बोटाखाली एकेक ओळ धरून, आणि सही केली. न, व, शा.

"साक्षीदार कोण?" हवालदाराने विचारलं. "सज्ञान पाहिजे, घरातला चालेल."

मी पुढे झाले, पण त्याआधी बाप उठला होता आणि एकेक खिसा चाचपून पेन शोधत होता. त्याच्याकडे पेन नव्हतं. हवालदाराने आपलं दिलं, आणि सही झाल्यावर लगेच परत मागून घेतलं.